दासगावला उतरायला कारण हवं

बाणकोटच्या मुखातून आत शिरलेली भरती सावित्रीत किती वर चढते, यावर एके काळी दासगावचं पोट चालायचं. समुद्रापासून महाडपर्यंत ही नदी डोंगरांच्या मधून वळणं घेत येते. मोठ्या आगबोटीला महाडपर्यंत पाणी पुरत नसे. भरती साधून लहान मचवे आणि गलबतं तेवढी वर जात. त्यामुळे मुंबईहून आलेले उतारू आणि माल दासगावच्या धक्क्यावर उतरत आणि पुढचे पाच मैल बैलगाडीनं किंवा पायी कापत. महाडच्या बाजारपेठेत जाणारा व्यापारी असो, सुट्टीवर आलेला फौजी असो, की घाट चढून महाबळेश्वरच्या थंड हवेला निघालेला साहेब असो, बोटीनं आलेल्याला दासगाव चुकत नसे.

आज दासगाव मुंबई-गोवा महामार्गावर आहे. १९९३ साली कोकण रेल्वेचा पहिला टप्पा रोह्यापासून वीरपर्यंत सुरू झाला, ते वीर स्थानकही जवळच आहे. म्हणजे येण्याची सोय शंभर वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी चांगली. पण ‘दासगाव’ म्हटलं की बहुतेक प्रवाशांना फक्त खिंड आठवते, आणि खिंड आली की गाडीतली माणसं महाड किती लांब राहिलं ते विचारतात. बोटीच्या काळात लोकांना इथे उतरावंच लागायचं. आता उतरण्यासाठी काहीतरी कारण द्यावं लागेल. वारसा पर्यटनाचा विचार या गावाच्या बाबतीत इथूनच सुरू व्हायला हवा.

आपल्याकडे असा विचार निघाला की पहिली मागणी होते कमानीची. मग एक सेल्फी पॉइंट, एक पुतळा, थोडी फरशी. दासगावचा वारसा मात्र एका जागी उभा नाही. गावामागच्या टेकडीवर दौलतगड नावाचा छोटा किल्ला आहे. त्याचं काम होतं खालच्या जलमार्गावर नजर ठेवणं. पाण्याची टाकी आणि तटाचे थोडे अवशेष एवढंच तिथे उरलं आहे. रायगड, प्रतापगड पाहून आलेल्या माणसाला तो किल्ला वाटणारही नाही. पण माथ्यावरून नदीचं वळण पाहिलं की तो तिथे का बांधला हे कुणी न सांगता समजतं, आणि अशा लहान किल्ल्यांची खरी मजा तीच असते. भव्यता शोधत जाणाऱ्यांनी इथे येऊ नये, त्यांचा वेळ जाईल.

त्या वळणाची किंमत इंग्रजांनाही कळली होती. १७५६ साली विजयदुर्ग पडल्यानंतर पेशवे आणि इंग्रज यांच्यात देवघेव झाली. १२ ऑक्टोबर १७५६ च्या तहानुसार इंग्रजांनी विजयदुर्ग सोडायचा आणि त्या बदल्यात बाणकोट व सावित्रीकाठची काही गावं घ्यायची असं ठरलं. त्या गावांत दासगाव होतं. सगळा मुलूख मराठ्यांचा आणि मधे नदीकाठी हे इंग्रजी ठिपके, अशी मोठी चमत्कारिक स्थिती पुढे साठ वर्षं होती. बाणकोटच्या किल्ल्याचं नाव इंग्रजांनी ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ ठेवलं. त्याचा राणी व्हिक्टोरियाशी संबंध नाही, ती तेव्हा जन्मलीही नव्हती. १७७१ मध्ये कंपनीच्या नोकरीतला जेम्स फोर्ब्स या भागात येऊन राहिला. दासगाव आणि जवळचे उन्हाळे, म्हणजे गरम पाण्याचे झरे, यांच्याबद्दल त्यानं ‘ओरिएंटल मेम्वार्स’ या १८१३ साली निघालेल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे. महाडजवळच्या सव गावात असे झरे आजही वाहतात.

एवढं सगळं असूनही दासगावची खरी मिळकत १९२७ सालात आहे.

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्यायलं, हे महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. त्याआधीची साखळी थोड्यांना माहीत असते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेनं त्याला धरून १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण कागदावर खुलं झालेल्या तळ्यावर प्रत्यक्ष जायची सोय नव्हती. ती कोंडी फोडण्यासाठी महाडला परिषद भरवायची, या खटपटीत पुढे होते दासगावचे तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे. त्यांच्याबरोबर अनंतराव चित्रे होते, नगरपालिकेतले सुरेंद्रनाथ टिपणीस होते.

हे मोरे म्हणजे नंतर कम्युनिस्ट चळवळीत गेलेले कॉम्रेड आर. बी. मोरे. लहानपणी शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेनं त्यांना अस्पृश्य म्हणून घेतलं नाही. तक्रार वर्तमानपत्रात छापून आली तेव्हा कुठे दार उघडलं. १९२७ साली त्यांचं वय होतं चोवीस. गावाच्या पुनरुज्जीवनात तरुणांचा सहभाग कसा असावा यावर सध्या कार्यशाळा भरतात. दासगावला त्याचा नमुना बाहेरून आणायची गरज नाही.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. मधल्या काळात तळं शुद्ध करून घेण्याचा प्रकार झाला होता आणि विरोधकांनी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूमही मिळवला होता. मुंबईहून महाडला यायचं तर धरमतरमार्गे मोटारीची वाट होती, पण मोटारवाले घेतील याची खात्री नव्हती. म्हणून बाबासाहेब आणि मुंबईचे प्रतिनिधी २४ डिसेंबरला ‘पद्मावती’ बोटीनं निघाले आणि २५ तारखेला दुपारी दासगावच्या बंदरात उतरले. काठावर हजारो सत्याग्रही वाट पाहत होते. जिल्हाधिकाऱ्यांचा निरोप हातात पडल्यामुळे बाबासाहेबांना गाडीनं पुढे जावं लागलं. बाकीचे रांगा करून, घोषणा देत, ते पाच मैल चालत महाडला गेले. परिषदेला जागा द्यायला तिथे कुणी तयार नव्हतं, ती दिली फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थानं. त्याच रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्याचा खटला पुढे दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात निकाल सत्याग्रहींच्या बाजूनं लागला.

दरवर्षी मार्चमध्ये आणि डिसेंबरमध्ये महाडला प्रचंड समुदाय येतो. तळ्यापाशी नतमस्तक होतो, पुस्तकांच्या स्टॉलवर रेंगाळतो, परत जातो. ज्या वाटेनं १९२७ चे सत्याग्रही चालले ती वाट दासगावपासून सुरू होते, आणि तीच या गावाची ठेव आहे. अंतर आठ-दहा किलोमीटर. सुरुवात बंदरापाशी. मागे दौलतगडाची टेकडी. पुढे महाड जवळ आलं की डाव्या हाताच्या डोंगरात गांधारपाल्याची लेणी. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली ही तीसेक बौद्ध लेणी आहेत, आणि तिथल्या एका शिलालेखात काणभोज विष्णुपालित या राजपुत्राचं नाव आहे. समुद्रावरून येणारा व्यापारी माल महाडला उतरून घाटावर जायचा, त्या वाटेवर भिक्खूंनी ही लेणी मागून घेतली असणार. शेवट चवदार तळ्यावर. बौद्ध लेण्यांच्या पायथ्यावरून पाण्याच्या हक्कासाठी गेलेली ही मिरवणूक आणि त्यातल्या अनेकांनी १९५६ नंतर घेतलेला धम्म, हा सांधा वाटेवर उभं राहून जितका कळतो तितका व्याख्यानात कळत नाही.

पण अशी वाट असणं आणि तिच्यावर गावाचं घर चालणं यात फरक आहे. यासाठी याच सावित्रीच्या मुखाशी असलेल्या वेळासकडे बघावं. मंडणगड तालुक्यातलं हे गाव, नाना फडणवीसांचं मूळ गाव. ते गाजलं मात्र कासवांमुळे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवायचं काम हाती घेतलं. काही वर्षांनी ‘कासव महोत्सव’ सुरू झाला. गावात हॉटेल नव्हतं, म्हणून पाहुणे घरातच राहू लागले. पडवीत गाद्या, ताटात घरचं जेवण. पूर्वी जी अंडी काढून नेली जायची त्यांची राखण आता गावातलेच तरुण करतात.

वेळासच्या यशाचं श्रेय लोक कासवांना देतात. मला त्यातली वेळ महत्त्वाची वाटते. पिल्लं समुद्रात सोडतात ती सकाळी आणि संध्याकाळी. म्हणजे पुण्या-मुंबईच्या माणसाला ते पाहायचं तर गावात रात्र काढावीच लागते. रात्र काढली की दोन जेवणं, एक नाश्ता, झोपायची जागा, आणि निघताना कोकम-आमसुलं. दिवसात येऊन परतणारा माणूस गावाला पाण्याच्या बाटलीचे पैसे देतो आणि रिकामी बाटली ठेवून जातो. पर्यटनाचा पैसा गावात किती मुरतो हे येणाऱ्यांच्या गर्दीवर ठरत नाही, ते मुक्कामावर ठरतं. भिलारला २०१७ साली ‘पुस्तकांचं गाव’ झालं तेव्हा घराघरांत पुस्तकं ठेवण्याची कल्पना याच कारणानं शहाणपणाची होती. वाचक नुसता पाहून जात नाही, कुणाच्या तरी ओसरीवर बसतो.

दासगावलाही मुक्कामाचं कारण सहज सापडतं. कोकणात दहानंतर ऊन माणसाला चालू देत नाही. वाट पहाटे धरायची तर आदल्या रात्री गावात असलं पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत रायगड जिल्ह्यात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कुणी कोंबडी भरतं, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. २५ डिसेंबरची तारीख नेमकी पोपटीच्या दिवसांत येते. हॉटेलातला स्वयंपाकी हे करू शकत नाही, कारण त्याला शेत लागतं आणि गप्पा मारत बसायला वेळ लागतो.

राहायला जागा कुठून आणायची? कोकणातल्या कुठल्याही गावात ज्यांच्या दाराला वर्षातले दहा-अकरा महिने कुलूप असतं अशी घरं कमी नाहीत. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात, सावित्रीकाठच्या कोकणी मुसलमान कुटुंबांतले लोक दर्यावर किंवा आखातात असतात. इटलीत १९७६ च्या भूकंपानं फ्रिउली भागातली डोंगराळ गावं मोडकळीला आली, तेव्हा तिथल्या रिकाम्या घरांचं करायचं काय या विचारातून ‘अल्बेर्गो दिफ्फुझो’ ही पद्धत पुढे आली. जियानकार्लो दाल्लारा यांनी ती मांडली. नवी इमारत बांधायची नाही. एका घरात नोंदणी, दुसऱ्यात न्याहारी, खोल्या गावभर विखुरलेल्या. पाहुणा काही दिवसांपुरता गावकरी होतो. आपल्याकडे ही कल्पना नेली की पहिली अडचण येईल घराच्या कागदावर. मालकी चार भावांची, त्यातला एक बोरिवलीला, एक बडोद्याला, एकाशी बोलणं बंद. इटलीतल्या पुस्तकांत भाऊबंदकीवर प्रकरण नसावं. म्हणून सुरुवात कुलूपबंद घरांपासून न करता ज्या घरात माणसं राहतात तिथल्या एका जादा खोलीपासून केलेली बरी. पर्यटन महामंडळाची निवास-न्याहारी योजना अशाच घरांसाठी आहे.

आता ज्या गोष्टीवाचून दासगावबद्दल काहीही लिहिणं खोटं ठरेल ती. २५ आणि २६ जुलै २००५ च्या पावसात महाड आणि पोलादपूर तालुक्यांत डोंगर खचले. जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते, पोलादपूरचं कोतवाल. दासगावात चाळीसहून अधिक माणसं गेली. अनेक दरडग्रस्त कुटुंबांनी नंतरची कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पुरात बुडालं आणि त्याच संध्याकाळी तळिये गावावर दरड आली, तिथे ऐंशीहून जास्त माणसं गाडली गेली.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. इथल्या डोंगरांत कातळावर झिजलेल्या दगडाचा आणि मातीचा जाड थर असतो. वरचा भाग पाणी पितो, खाली चिकण थर असला की ते पाणी तिथे अडतं. दोन-तीन दिवस झोडपून पाऊस झाला की मातीतल्या पाण्याचा दाब वाढतो, मातीची पकड सुटते आणि उतार खाली येतो. पायथा तोडून घर किंवा रस्ता केला असेल तर आधारच गेलेला असतो. आधी खुणा दिसतात. जमिनीला भेगा जातात, झाडं आणि विजेचे खांब कलतात, नेहमीच्या झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं किंवा थांबतं. या खुणा रोज डोंगरावर फिरणाऱ्याला आधी कळतात.

तरुणांच्या सहभागाचा मुद्दा मला इथे सगळ्यात खरा वाटतो. गाइड म्हणून शिकलेला मुलगा वर्षभर त्या टेकडीवर चढणार, भेग नवी की जुनी हे त्याला कळणार. गावात पर्जन्यमापक असेल, त्याची नोंद रोज कुणीतरी ठेवत असेल, तर रात्री शाळेत हलायचं की नाही हे ठरवायला जिल्ह्याच्या निरोपाची वाट पाहावी लागणार नाही. महाड-पोलादपूर भागात अपघात झाला, पूर आला, की दोर घेऊन आधी पोचतात ती ट्रेकिंग करणारी पोरंच. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ फार लांब नाही. स्थापत्यशास्त्र शिकणाऱ्या मुलांना दौलतगडाची टाकी मोजायला आणि त्याच उताराचा नकाशा काढायला यापेक्षा चांगली जागा कुठे मिळणार?

आणि याचा उलटा अर्थही स्वीकारावा लागेल. सह्याद्रीतलं पर्यटन सगळ्यात जोरात असतं पावसाळ्यात, धबधब्यांच्या दिवसांत. दासगावनं जुलै-ऑगस्टमध्ये टेकडीची वाट सरळ बंद ठेवावी. व्ह्यू पॉइंटसाठी उतार कापून बंगले बांधायचा प्रस्ताव येईल तेव्हा ग्रामसभेनं नाही म्हणावं. बारा माणसांना वॉचमनची नोकरी मिळते म्हणून डोंगराचा पायथा विकणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. नदीबाबतही असंच. होडीची सफर म्हटली की सगळ्यांचे डोळे चमकतात. पण सावित्रीत मगरी आहेत, महाडपर्यंत दिसतात. भोई मंडळींना नदीचे पट्टे पाठ आहेत. त्यांना डावलून कुणी बाहेरच्यानं पॅडल बोटी आणल्या तर ते धोक्याचंच होईल. महाडच्या पुराच्या चर्चेत दासगावजवळचा रेल्वेचा भराव आणि नदीत साचलेला गाळ यांचा उल्लेख वारंवार येतो. त्या गाळानंच धक्काही निरुपयोगी केला. म्हणजे नदी मोकळी करणं हे पुराचंही काम आहे आणि वारशाचंही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यात रायगड आणि प्रतापगड दोन्ही आहेत, आणि महाड-पोलादपूरचा हा पट्टा त्यांच्या मधोमध पडतो. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ इथेच. पैसा आणि गर्दी या बाजूला वळणार हे उघड आहे. ती गर्दी एकाच कथेसाठी येते असं धरून गाव सजवलं तर दासगावचं नुकसान होईल. इथे किल्ला मराठ्यांचा, तहाचा कागद इंग्रजांचा, बंदरावरचा दिवस सत्याग्रहींचा, नदी भोयांची. गावातल्या प्रत्येक वाडीकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं थोडं ऐकून घ्यावं लागेल. त्या दिवशी बंदरावर पाणी कुणी पाजलं, भाकऱ्या कुठल्या घरांत झाल्या, मिरवणूक नेमकी कुठून वळली, अशा गोष्टी आजी-आजोबांनी त्यांच्या आईबापांकडून ऐकलेल्या असतील. मोबाइलवर त्या ध्वनिमुद्रित करून ठेवायला निधी लागत नाही. बाबासाहेबांचं चरित्र पाठ असलेला पाहुणा गाइडला सनावळी विचारणार नाही, त्याला हेच हवं असेल.

२५ डिसेंबर २०२७ ला ‘पद्मावती’ दासगावला लागली त्याला शंभर वर्षं होतात. त्या दिवशी हजारो माणसांनी बंदरापासून तळ्यापर्यंत चालायचं ठरवलं, तर त्यांना चौपदरी महामार्गाच्या कडेनं ट्रकच्या वाऱ्यात चालावं लागेल. जुन्या वाटेचे जे तुकडे शिल्लक असतील ते शोधून जोडणं, महामार्ग ओलांडायला दोन सुरक्षित जागा, बायकांसाठी स्वच्छतागृहं, दर दोन-तीन किलोमीटरवर पिण्याचं पाणी, हे ग्रामपंचायतीनं आणि जिल्हा नियोजन समितीनं मनावर घेतलं तर होण्यासारखं आहे. आणि पाण्याची सोय त्या वाटेवर तरी विसरू नये.